जलमाइट : जातींच्या शोधाचा व वर्णनाचा इतिहास

संधिपाद प्राण्यांच्या ॲरॅक्निडा (अष्टपाद) वर्गातील ॲकॅरिना या गटात गोचिडी, खरजेचे किडे आणि इतर असंख्य माइट यांचा समावेश होतो. यांपैकी गोड्या पाण्यात राहणाऱ्या माइटांच्या सर्वांत मोठ्या समूहास जलमाइट (हायड्राक्निडिया) असे म्हणतात. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत ते आढळतात. तळी, डबकी, झरे, ओढे, धबधब्यांच्या तुषारांनी भिजणारे शेवाळे, तसेच नदीपात्रातील वाळू व गोटे यांमधील ओल्या पोकळ्या अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांचा अधिवास असतो. बहुतेकांची लांबी अर्धा ते दोन-तीन मिमी. असून काही तळ्यांतील जाती याहून पुष्कळ मोठ्या होतात. आजवर सात हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. ही संख्या अडीचशे वर्षांच्या कामातून उभी राहिली असून या काळात दिलेल्या नावांपैकी अनेक मागाहून रद्द करावी लागली, तर रद्द केलेल्यांपैकी काही पुन्हा प्रचारात आली.

जलमाइटांचे जीवनचक्र गुंतागुंतीचे आहे. अंड्यातून सहा पायांचा डिंभ बाहेर पडतो. बहुतेक जातींत तो एखाद्या कीटकाच्या अंगाला चिकटून त्याच्या शरीरद्रवावर पोसला जातो. डास, चिलटांसारख्या कायरोनोमिड माश्या, टाचण्या, चतुर, पाण्यातील ढेकूण व भुंगेरे हे त्याचे आश्रयदाते (पोशिंदे) होत. उडणाऱ्या पोशिंद्याबरोबर तो एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर जातो. त्यानंतर विश्रांतीची अवस्था येते व तीमधून आठ पायांचे, स्वतंत्रपणे शिकार करणारे अर्भक निघते. पुन्हा एक विश्रांतीची अवस्था संपली, की प्रौढ प्राणी बाहेर पडतो. डिंभ प्रौढासारखा मुळीच दिसत नाही. अर्भक प्रौढासारखे दिसते, परंतु त्याच्या जननेंद्रियांची वाढ अपुरी असते. काही वंशांत नर व मादी यांच्या आकारांत इतके अंतर असते, की ती एकाच जातीची असल्याचे पाहताक्षणी कोणी म्हणणार नाही. एकाच प्राण्याची अशी तीन-चार रूपे अभ्यासकासमोर येत असल्याने प्रत्येक रूपास वेगळे नाव मिळण्याचा धोका आरंभापासून होता, व तसे घडलेही.

आरंभीचे कार्य : कार्ल लिनीअस यांच्या १७५८ च्या ग्रंथात पाण्यातील माइटाला ॲकॅरस ॲक्वाटिकस हे नाव आढळते. (आजचे नाव लिम्नोकॅरीस ॲक्वाटिका). ओढ्यांतील माइटाला मिळालेले अगदी जुने नाव १७६८ मधले असून ते नॉर्वेतील धर्मोपदेशक व निसर्गाभ्यासक हान्स स्ट्रोम यांनी दिले. ही जाती आज हायग्रोबॅटीस फ्लुव्हिआटिलिस या नावाने ओळखली जाते. त्यातील ‘फ्लुव्हिआटिलिस’ या शब्दाचा अर्थ ‘नदीतील’ असा आहे. परंतु ही नोंद पुढे बराच काळ एकाकीच राहिली.

जलमाइटांच्या अभ्यासाचा खरा पाया डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ ओटो फ्रीड्रिक म्यूलर (१७३०–८४) यांनी घातला. हायड्राक्ना हा वंश त्यांनी १७७६ मध्ये स्थापिला आणि १७८१ मध्ये लाइपसिक येथून या प्राण्यांवरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ताम्रपटांवर कोरलेल्या चित्रांसह पन्नासच्या आसपास जातींचे वर्णन त्यात आहे. ग्रंथाच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच हे प्राणी डेन्मार्कच्या दलदलीच्या पाण्यांत सापडल्याचे म्हटले आहे. ही मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. म्यूलर यांचे माइट प्रामुख्याने संथ पाण्यातले, डोळ्यांना सहज दिसणारे, पुष्कळदा लालभडक आणि पोहणारे होते. त्यांनी दिलेली ग्लोबेटर, कस्पिडेटर, बक्सिनेटर (शिंग फुंकणारा) ही नावे अरेन्युरस वंशातील जातींसाठी आजही वापरात आहेत. या वंशातील नराच्या शरीराचा मागील भाग शेपटासारखा लांबलेला वा खाचांचा असतो आणि मादी गोलसर असते. नर सापडला की नाव लगेच देता येते, मादी मात्र नराच्या सोबतीशिवाय नीट ओळखता येत नाही. ही अडचण म्यूलर यांच्यापासून आजतागायत कायम आहे.

डिंभाचा घोटाळा : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाणभुंगेऱ्यांच्या अंगावर आढळणाऱ्या लहान, पिशवीसारख्या तांबड्या जीवांनी निसर्गाभ्यासकांचे लक्ष वेधले. झां व्हिक्टॉर ओदुआं या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांना ॲक्लिसिया हे नवे वंशनाम दिले. वर्णन अचूक होते, प्राणीही खरा होता. चूक एवढीच, की तो स्वतंत्र प्राणी नव्हता. माँपेल्ये येथील आंत्वान द्यूजे (१७९७–१८३८) यांनी १८३४ मध्ये माइटांवरील आपल्या संशोधनात ॲक्लिसिया म्हणजे हायड्राक्ना वंशातील माइटाचीच परजीवी अवस्था असल्याचे दाखवून दिले. मेलेल्या नमुन्याकडे पाहून हे कळण्यासारखे नव्हते. जिवंत प्राणी पाळून, त्याचे रूपांतर पाहतच या निष्कर्षाप्रत येणे शक्य होते. जलमाइटांच्या इतिहासात द्यूजे यांचे महत्त्व त्यांनी स्थापिलेल्या वंशांपेक्षा (अरेन्युरस हा त्यांपैकी एक) या एका पद्धतीमुळे अधिक आहे. दुर्दैवाने ही पद्धत वेळखाऊ असल्याने तिचे अनुकरण थोड्यांनीच केले व आजही बहुसंख्य जातींचे डिंभ अज्ञात आहेत.

रंगांवर विसंबणे : जर्मनीतील बव्हेरियाच्या वनखात्यात अधिकारी असलेले कार्ल लुडविख कोख (१७७८–१८५७) यांनी १८३५ ते १८४४ या काळात जर्मनीच्या कवचधारी, बहुपाद व अष्टपाद प्राण्यांवरील मोठी ग्रंथमाला प्रसिद्ध केली. तीत जलमाइटांच्या फार मोठ्या संख्येने नव्या जाती रंगीत चित्रांसह दिल्या आहेत. हायग्रोबॅटीस व ॲट्रॅक्टाइडीस हे ओढ्यांतील दोन महत्त्वाचे वंश त्यांनीच १८३७ मध्ये स्थापिले. कोख यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती, परंतु जाती वेगळ्या करताना त्यांनी रंग आणि पाठीवरचे डाग यांवर भर दिला. जलमाइटांच्या पाठीवर दिसणारे गडद डाग पुष्कळदा त्वचेचे नसून आतल्या पचनमार्गातील अन्नाचे असतात, तर त्यांमधील पांढरट किंवा पिवळसर रेघ ही उत्सर्जक नलिकेची असते. भुकेला माइट आणि पोट भरलेला माइट, नुकता प्रौढ झालेला व जुना, यांचे रंग निरनिराळे दिसतात. परिणामी एकाच जातीच्या रंगभेदांना व अर्भकांनाही वेगवेगळी नावे मिळाली. शिवाय मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडून जातो, त्यामुळे रंगावर आधारलेले वर्णन पुढे पडताळून पाहण्याची सोयच राहत नाही. कोख यांच्या नावांचा निवाडा करण्यात पुढील दोन पिढ्यांचा बराच वेळ गेला. तथापि त्यांना हिणविणे योग्य होणार नाही. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांखाली जिवंत माइटाचे जे काही दिसत होते त्यात रंग हेच सर्वांत ठळक लक्षण होते.

ओढ्यांकडे वळण : आज ओढ्यांचे खास मानले जाणारे वंश कोणत्या साली स्थापिले गेले हे पाहिले, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. ॲटुरस (१८७५) व स्पेर्कोन (१८७७) हे पाउल क्रामर यांचे, लेबर्शिया (१८८०) हा स्वीडनचे कार्ल याकोब न्यूमन यांचा, फेल्ट्रिया (१८९२) हा फेर्डिनांड क्योनिके यांचा, तर प्रोट्झिया आणि टॉरेंटिकोला (दोन्ही १८९६) हे रिखार्ट पीर्सिग यांचे. म्हणजे म्यूलर यांच्यानंतर जवळजवळ शतकभराने, अवघ्या वीस-बावीस वर्षांत, वाहत्या पाण्यातील माइटांचे हे जग उघड झाले. टॉरेंटिकोला या नावाचाच अर्थ ‘वेगवान प्रवाहात राहणारा’ असा होतो.

हा विलंब प्राण्यांच्या राहणीमुळे झाला. तळ्यातील माइट पाण्यातून जाळी फिरविली की हाती लागतो. ओढ्यातला माइट पोहत नाही. त्याच्या पायांवर पोहण्याचे केस नसतात किंवा अगदी कमी असतात व टोकाच्या नख्या बळकट असतात. शरीर चपटे, पुष्कळदा कठीण पट्टिकांनी मढविलेले आणि रंग गोट्यांच्या व शेवाळ्याच्या रंगात मिसळून जाणारा असतो. त्याची लांबी अनेकदा एक मिमी.पेक्षा कमी असते. त्याला पकडण्यासाठी जाळीचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे लागते आणि वरच्या अंगाचे गोटे पायांनी ढवळून काढावे लागतात. जाळीत आलेली वाळू, पालापाचोळा व शेवाळे पांढऱ्या परातीत ओतून काही वेळ स्वस्थ बसावे लागते. गाळ खाली बसल्यावर एखादा ठिपका हलू लागतो, तेव्हा तो बारीक काचनळीने उचलून घेतात.

नमुना टिकविण्याच्या पद्धतीतही याच सुमारास महत्त्वाची सुधारणा झाली. मद्यार्कात माइटाचे शरीर आक्रसते व ठिसूळ होते. पाय हलविताना मोडतात. ब्रेमेन येथील शिक्षक असलेल्या क्योनिके यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्लिसरीन, ॲसिटिक अम्ल व पाणी यांच्या मिश्रणात मात्र शरीर मऊ राहते, पाय पसरतात आणि अनेक वर्षांनंतरही अवयव सुटे करता येतात. या साध्या मिश्रणामुळे वर्णनाचा केंद्रबिंदू रंगावरून अवयवांच्या रचनेकडे सरकला. पीर्सिग यांचा जर्मनीच्या जलमाइटांवरील ग्रंथ (१८९७–१९००) या नव्या दृष्टीचे फळ होय. त्यात कोख आणि इतरांच्या कितीतरी नावांची छाननी करून ती समानार्थी ठरविण्यात आली.

ब्रेमेनमध्येच क्योनिके यांच्या पाठोपाठ कार्ल फीट्स (१८८२–१९६१) हे दुसरे शिक्षक या विषयाकडे वळले आणि विसाव्या शतकातील सर्वांत मोठे जलमाइटतज्ञ ठरले. विद्यापीठात अध्यासन नसताना, शाळेचे काम सांभाळून त्यांनी जगाच्या सर्व भागांतून आलेल्या संग्रहांचे वर्णन केले. जर्मनीच्या जलमाइटांवरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये, तर गोड्या व खाऱ्या पाण्यातील माइटांची जागतिक सूची १९५५-५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे पुत्र कुर्ट फीट्स यांनी हे सूचीचे काम पुढे चालविले. नॉर्वेचे सिग थोर, स्वित्झर्लंडचे शार्ल वाल्टर, स्वीडनचे ऑटो लुंडब्लाड, अमेरिकेतील रूथ मार्शल, ब्रिटनमध्ये तीन खंडांचा ग्रंथ (१९२५–२९) सिद्ध करणारे चार्ल्स सोअर व विल्यम विल्यमसन, जपानचे तोरू उचिदा व ताइजी इमामुरा ही या काळातील इतर प्रमुख नावे होत.

पात्राखालील प्राणी : ओढा म्हणजे केवळ वाहते पाणी नव्हे, हे १९३० नंतरच्या संशोधनाने दाखविले. पाण्याच्या काठाशी वाळू-गोट्यांत खड्डा खणला असता त्यात पाणी झिरपते. ते बारीक जाळीतून गाळले म्हणजे पात्राखालच्या पोकळ्यांत राहणारे प्राणी मिळतात. स्टांको कारामान आणि प्येर-आल्फ्रे शाप्वी यांच्या नावांनी प्रसिद्ध असलेल्या या पद्धतीला फावड्याखेरीज फारसे साहित्य लागत नाही. मात्र तिच्यामुळे लांबट, फिकट, डोळे लहान झालेल्या वा नाहीशा झालेल्या माइटांची एक अनपेक्षित सृष्टीच अभ्यासकांपुढे आली. रूमानियाचे कॉन्स्टांटिन मोताश यांनी भूजलातील जीवांच्या अभ्यासाला स्वतंत्र विज्ञानशाखेचे रूप देण्याचा प्रयत्न केला, त्यामागे जलमाइटांचाच अनुभव होता. ज्या ओढ्यांचे सर्वेक्षण पूर्ण झाले असे समजले जात होते, तेथे पुन्हा जाणे भाग पडले.

भारतातील अभ्यास : भारतीय उपखंडातील जलमाइटांची माहिती आरंभी परदेशी संशोधकांच्या लेखनातून झाली. हंगेरीचे येने दादाई यांनी १८९८ मध्ये श्रीलंकेतील गोड्या पाण्याच्या सूक्ष्म प्राण्यांवर लिहिले. फीट्स यांचा भारतीय जलमाइटांवरील लेख १९२६ मध्ये, तर वाल्टर यांचा लेख १९२८ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठी भर डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड कुक यांनी घातली. भारतातील जलमाइटांवरील त्यांचा १९६७ चा ग्रंथ चारशेहून अधिक पृष्ठांचा असून तो अजूनही या विषयाचा मुख्य आधार आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी लुंडब्लाड यांनी हँबर्गच्या भारत-मोहिमेतील संग्रहाचे वर्णन केले. एकविसाव्या शतकात माँटेनेग्रोचे व्ह्लादिमिर पेशिच, नेदर्लंड्सचे हॅरी स्मिट आणि त्यांचे भारतीय व भूतानी सहकारी यांनी हिमालयातील ओढ्यांतून अनेक नव्या जाती नोंदविल्या असून त्यांत टॉरेंटिकोला वंशाचा वाटा मोठा आहे.

या इतिहासाची एक बाजू भारतीय अभ्यासकाला जाचक ठरते. नवी जाती ठरविताना ती आधीच्या जातींशी ताडून पाहावी लागते व त्यासाठी प्ररूप नमुने (ज्यांवर मूळ वर्णन आधारलेले असते असे जपून ठेवलेले नमुने) हाताळावे लागतात. फीट्स यांचा संग्रह फ्रँकफुर्टच्या सेंकेनबेर्ख संग्रहालयात आहे. इतर संग्रह युरोप-अमेरिकेत विखुरलेले आहेत. गावाजवळच्या ओढ्यातील माइटाचे नाव निश्चित करण्यासाठी त्याच्या भावंडाला परदेशात गाठावे लागते, अशी ही स्थिती आहे. सह्याद्रीतील ओढे या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. पावसाळ्यात ते दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांचे डबक्यांत रूपांतर होते किंवा ते पार कोरडे पडतात. अशा ओढ्यात पात्राखालच्या ओल्या थराला वेगळेच महत्त्व येते, आणि वाळूचा उपसा नेमका याच थराला नाहीसा करतो.

वर्णनाची रीत : जातीचे वर्णन करण्याची आजची रीत पुढीलप्रमाणे आहे. नमुन्यातील मऊ भाग रसायनांनी विरघळवून शरीर पारदर्शक करतात. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी मुखांगे सुटी करतात, पाठीचे कवच पोटाच्या कवचापासून अलग करतात आणि हे भाग ग्लिसरीन-जेलीत काचपट्टीवर बसवितात. मुखाजवळील पाच खंडांचे पादमृश (स्पर्श करण्याचे व भक्ष्य पकडण्याचे अवयव) आडवे, एका बाजूने दिसतील असे ठेवावे लागतात. ते किंचित जरी कलले तरी मापे चुकतात. प्रत्येक खंडाची लांबी व उंची, पायांच्या खंडांची लांबी, जननपट्टिकांचा आकार, त्यांवरील चकत्यांची संख्या, त्वचेवरील ग्रंथींची जागा हे सर्व मायक्रोमीटरमध्ये (मिमी.च्या हजाराव्या भागात) मोजतात. टॉरेंटिकोलासारख्या वंशात पाठीवर एक मोठी ढाल व तिच्या पुढच्या अंगाला लहान पट्टिकांच्या दोन जोड्या असतात. या पट्टिकांचे प्रमाण व मुखांगाची लांबी यांवर जाती वेगळ्या ठरतात. एकच मादी हाती असताना नवी जाती जाहीर करावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक संशोधकापुढे केव्हा ना केव्हा येतो. त्याचे उत्तर स्वभावानुसार निरनिराळे दिले गेले आहे व नावांच्या सूचीतून ते स्पष्ट दिसते. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीच्या बाबतीत प्ररूप नमुना स्पष्टपणे नेमून देणे आवश्यक झाले. म्यूलर किंवा कोख यांच्या काळी असा कोणताही दंडक नव्हता.

आनुवंशिक पुरावा : विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सूचीतील नावे एकत्र करण्याकडे कल होता. डीएनए-तुलनेमुळे तो काही अंशी उलटला. लेबर्ट यांनी १८७९ मध्ये जिनीव्हा सरोवरातून वर्णिलेली हायग्रोबॅटीस नायग्रोमॅक्युलेटस ही जाती सरोवरे व ओढे अशा दोन्ही ठिकाणी राहते, असे मानले जात होते. दोन्हींकडील माइट दिसायला जवळजवळ सारखे, परंतु एकीकडचे डिंभ परजीवी अवस्थेतून जातात व दुसरीकडचे जात नाहीत, हे लक्षात आले होते. पेटर मार्टिन आणि मिरोस्वावा व यात्सेक दाबेर्ट यांनी २०१० मध्ये डीएनएच्या आधारे या दोन निराळ्या जाती असल्याचे दाखविले. ओढ्यातल्या जातीसाठी नवे नाव शोधावे लागले नाही. डच अभ्यासक बेसेलिंग यांनी १९४२ मध्ये दिलेले व पुढे बाजूला पडलेले हायग्रोबॅटीस सेटोसस हे नाव तिला लागू पडले. त्याचप्रमाणे क्योनिके यांनी १९१५ मध्ये नाव दिलेली हायग्रोबॅटीस प्रोसिलिएन्स ही जाती शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, पुन्हा स्वतंत्र म्हणून मान्य झाली. दाबेर्ट, पेशिच, स्मिट प्रभृतींच्या या कामात द्यूजे यांची जुनी दृष्टीच नव्या साधनांनिशी परत आलेली दिसते. प्राणी कसा दिसतो याबरोबरच तो कसा वाढतो हेही येथे पुरावा ठरले.

या नव्या पद्धतीने एक जुनी सोय मात्र अडचणीची ठरविली. क्योनिके यांच्या द्रवातील अम्लामुळे डीएनएची नासाडी होते. ज्या मिश्रणाने शंभर वर्षांचे नमुने अवयवांच्या अभ्यासासाठी उत्तम राखले, त्यानेच त्यांतील आनुवंशिक पुरावा पुसून टाकला. म्हणून जुन्या जातीची शहानिशा करायची, तर मूळ वर्णनात नोंदविलेल्या त्याच ओढ्यावर जाऊन नवे नमुने आणावे लागतात. तो झरा नळाने बंदिस्त झाला असेल किंवा ओढा धरणाखाली गेला असेल, तर नाव सूचीत राहते, पण ते कोणत्या प्राण्याचे याचा निकाल लागत नाही. अलीकडे बरेच संशोधक एकाच ठिकाणचे माइट दोन बाटल्यांत विभागून ठेवतात. एकीत क्योनिके यांचा द्रव असतो, दुसरीत शुद्ध मद्यार्क. दुसऱ्या बाटलीतील माइटाचे डीएनए काढून घेतल्यावर उरलेले कवच काचपट्टीवर बसवितात व त्याच पट्टीच्या चिठ्ठीवर ओढ्याचे नाव, अक्षांश-रेखांश आणि दिनांक लिहितात.